द्वैत, पण कोणतं?

मन आणि शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकाश तरंगासारखाही वागतो आणि कणासारखाही. दोन बिंदूंतून एक रेषा जाते, तशाच दोन रेषा एका बिंदूत भेटतात. चिनी विचारातले यिन आणि यांग एकमेकांशिवाय राहू शकत नाहीत. या चारही विधानांवर 'द्वैत' असा एकच शिक्का मारला जातो, पण दोन हा आकडा सोडला तर त्यांच्यात समान असं फारच थोडं आहे. पहिल्यात दोन वस्तू आहेत. दुसऱ्यात एकाच वस्तूची दोन रूपं आहेत आणि ती दोन्ही एकाच वेळी पुरेपूर हाती लागत नाहीत. तिसऱ्यात एकाच रचनेची दोन वर्णनं आहेत, तर चौथ्यात एकमेकांच्या संदर्भानेच अर्थ येणारी दोन टोकं. एका जातीच्या द्वैतातला निष्कर्ष उचलून दुसऱ्या जातीला चिकटवला की गोंधळ होतो, आणि लोकप्रिय लेखनात तो सर्रास होतो.

द्वैत भेटलं की आधी तीन प्रश्न विचारावेत. दोन म्हणजे नेमकं काय, वस्तू की वर्णनं? एकातून दुसऱ्यात जाऊन परत फिरलं तर निघालो तिथेच पोहोचतो का? आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळतात का?

दोन टोकं

यात सगळ्यात सोपी जात टोकांची. गरम-थंड, उंच-ठेंगू, गीतेतलं शीतोष्ण आणि सुखदुःख. इथे तपासायची गोष्ट एकच: दोन्ही एकाच वेळी खोटी असू शकतात का? पाणी गरम नाही म्हणजे ते थंड असलंच पाहिजे असं नाही, कोमट असू शकतं. पूर्ण संख्या मात्र सम नसेल तर विषमच असते, तिथे तिसरी जागा नाही. 'जो आमच्या बाजूने नाही तो आमच्या विरोधात' या वाक्यातली चलाखी इथेच आहे. गरम-थंडसारखी जोडी सम-विषम असल्यासारखी मांडायची, की मधले सगळे आपोआप नाहीसे होतात.

दोन वस्तू

फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्तने १६४१ मध्ये जगाची विभागणी मांडली ती अशी: एकीकडे विचार करणारं द्रव्य, त्याला लांबी-रुंदी नाही, दुसरीकडे जागा व्यापणारं द्रव्य, ते विचार करत नाही. बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने १६४३ मध्ये पत्रातून या मांडणीच्या वर्मावर बोट ठेवलं. एखादी वस्तू ढकलायची तर तिला स्पर्श करावा लागतो आणि स्पर्शासाठी जागा व्यापावी लागते. जागाच न व्यापणारा आत्मा हात वर कसा उचलतो? देकार्तने मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीकडे बोट दाखवलं, पण त्यातून 'कुठे' याचं उत्तर मिळतं, 'कसं' याचं मिळत नाही. दोन वस्तूंच्या प्रत्येक द्वैताला हे देणं फेडावं लागतं: वस्तू जितक्या वेगळ्या, तितका त्यांच्यातला व्यवहार समजावणं अवघड.

सांख्य दर्शनातही पुरुष आणि प्रकृती अशी दोन मूळ तत्त्वं आहेत, म्हणून त्याला भारतीय देकार्त ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. पण सुरी कुठून फिरली आहे ते पाहायला हवं. सांख्याची २५ तत्त्वं मोजून बघा: पुरुष, प्रकृती, महत् म्हणजे बुद्धी, अहंकार, मन, पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये, पाच तन्मात्रा, पाच महाभूते. यातला एकटा पुरुष एका बाजूला, बाकीची २४ प्रकृतीच्या बाजूला. म्हणजे विचार, निर्णय, 'मी'पणा हे सगळं जडाच्या खात्यात जमा. देकार्त ज्याला मन म्हणतो त्यातलं बहुतेक सामान सांख्य पलीकडे टाकतं आणि अलीकडे उरतो तो नुसता साक्षी. त्यामुळे एलिझाबेथचा प्रश्न सांख्याला तसाच्या तसा लागू होत नाही. पुरुष अकर्ता आहे, तो काही ढकलतच नाही. अडचण दुसरीकडून डोकं वर काढते. आंधळ्याच्या खांद्यावर बसलेला पांगळा वाट दाखवतो तसा दोघांचा संयोग, असं सांख्यकारिका सांगते. त्यावर ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्यांचा आक्षेप असा की पांगळा निदान बोलून तरी दिशा सांगतो. जो काहीच करत नाही तो पुरुष प्रकृतीला प्रवृत्त कसा करणार?

मध्वाचार्यांचं द्वैत आणखी तिसरंच. त्यात पाच भेद आहेत: ईश्वर आणि जीव, ईश्वर आणि जड, जीव आणि जड, जीव आणि जीव, जड आणि जड. मुख्य विभागणी स्वतंत्र आणि परतंत्र अशी, आणि स्वतंत्र फक्त ईश्वर. मन-शरीराचा प्रश्न इथे केंद्रस्थानी नाहीच. त्यामुळे 'द्वैतवादी' एवढ्या एका विशेषणावर देकार्त, सांख्याचा कपिल आणि मध्व यांना एका रांगेत बसवणाऱ्या लेखात पुढे काय असेल त्यावर फारसा भरवसा ठेवू नये.

विभागणी करताना आणखी एक चूक होते. दोन कारणं वेगळी ओळखता आली म्हणजे त्यांचा परिणामही वेगवेगळा वाटून मांडता येईल, असं गृहीत धरलं जातं. फेनिलकीटोनुरिया हा जन्मजात विकार घ्या. जनुकातल्या दोषामुळे फेनिलअॅलॅनिन हे अमिनो आम्ल शरीरात नीट मोडत नाही, ते साठतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. बाळ जन्मल्याबरोबर त्याचा आहार बदलून हे आम्ल अगदी मोजकंच दिलं तर ती इजा बहुतांशी टळते. मग इजा जनुकामुळे किती टक्के आणि आहारामुळे किती? या मुलाच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर नाही. आयताच्या क्षेत्रफळात लांबीचा वाटा किती आणि रुंदीचा किती, असं विचारण्यासारखंच ते आहे.

दोन वर्णनं

आता गणितातलं द्वैत. माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत कामाचं हेच, कारण इथे अदलाबदलीचा नियम लिहून दाखवता येतो.

भूमितीत 'बिंदू' आणि 'रेषा' या शब्दांची अदलाबदल करा, 'रेषेवर आहे'च्या जागी 'बिंदूतून जाते' म्हणा. खरं विधान खरंच राहतं. अट एवढीच की समांतर रेषांची पळवाट बंद करायला हवी, म्हणून प्रक्षेपीय भूमितीत त्याही अनंतावरच्या एका बिंदूत भेटतात असं धरतात. शंकूच्छेदाच्या (शंकू कापून मिळणाऱ्या वर्तुळ, लंबवर्तुळ अशा वक्राच्या) आत काढलेल्या षट्कोनाच्या समोरासमोरच्या बाजू वाढवल्या तर त्यांचे तीन छेदनबिंदू एका रेषेत येतात, हे पास्कालने १६३९ मध्ये, सोळाव्या वर्षी शोधलं. शंकूच्छेदाबाहेरून त्याला स्पर्श करणाऱ्या षट्कोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडणारे तीन कर्ण एका बिंदूतून जातात, हे ब्रियाँशॉनने सिद्ध केलं १८०६ मध्ये. दोन्ही विधानं शेजारी ठेवून शब्दांची अदलाबदल करून पाहा: एकच प्रमेय आहे. पाँसले आणि जेरगॉन यांनी द्वैताचं तत्त्व १८२० च्या दशकात मांडलं, आणि त्यानंतर असं दुसरं प्रमेय पहिल्याबरोबर फुकट मिळू लागलं.

घन आणि अष्टफलक यांचंही असंच. घनाला ८ शिरोबिंदू, १२ कडा, ६ पृष्ठं. अष्टफलकाला ६ शिरोबिंदू, १२ कडा, ८ पृष्ठं. घनाच्या पृष्ठांचे मध्यबिंदू जोडले की आत अष्टफलक तयार होतो. त्याच्या पृष्ठांचे मध्य जोडले की पुन्हा घन मिळतो, फक्त त्याची कड मूळ घनाच्या एक तृतीयांश असते. परतीची वाट आहे ती अशी.

तर्कशास्त्रात डी मॉर्गनचा नियम याच जातीचा, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तो रोज भेटतो. नकार आत नेताना 'आणि'चं 'किंवा' होतं, 'किंवा'चं 'आणि'. प्रवेशाची अट समजा 'वय किमान १८ आणि ओळखपत्र आहे' अशी असेल, तर नकाराची अट 'वय १८ पेक्षा कमी किंवा ओळखपत्र नाही' अशी होते. घाईत दोन्ही तुकडे उलटवले जातात आणि मधला 'आणि' तसाच राहतो. मग ओळखपत्र असलेला सोळा वर्षांचा मुलगा बिनदिक्कत आत येतो, कारण त्याला अडवायला दोन्ही दोष एकदम असावे लागतात. दिसायला क्षुल्लक चूक, पण चाचणीत नजरेतून सहज निसटते: दोन्ही दोष असलेला किंवा एकही दोष नसलेला माणूस घेऊन पाहिलं तर प्रोग्रॅम बरोबरच चालतो.

लिनिअर प्रोग्रॅमिंगमधलं, म्हणजे ठरावीक मर्यादांत जास्तीत जास्त (किंवा कमीत कमी) काढण्याच्या गणितातलं द्वैत मात्र जरा थांबून, आकड्यांसकट पाहण्यासारखं आहे. टेबलं आणि खुर्च्या बनवायच्या आहेत. टेबलाला २ तास आणि १ फळी लागते, खुर्चीला १ तास आणि १ फळी. हाताशी १०० तास आणि ८० फळ्या. टेबलामागे नफा ४० एकक, खुर्चीमागे ३०. नफा जास्तीत जास्त किती?

आता बाजू बदला. कोणीतरी तुमचे सगळे तास आणि फळ्या विकत मागतंय. तासाचा भाव त आणि फळीचा भाव फ समजू. तुम्ही विकायला तयार केव्हा व्हाल? टेबलाचं सामान विकून टेबलाइतकं तरी सुटलं पाहिजे, म्हणजे २त + फ किमान ४०. खुर्चीच्या सामानातून त + फ किमान ३०. घेणाऱ्याला १००त + ८०फ ही रक्कम कमीत कमी हवी आहे. पहिल्या प्रश्नातल्या मर्यादा दुसऱ्यात चल झाल्या, चलांच्या मर्यादा झाल्या, 'जास्तीत जास्त'चं 'कमीत कमी' झालं, आणि आकड्यांच्या तक्त्यातल्या ओळी उभ्या राहिल्या. दुसऱ्या प्रश्नाला हीच क्रिया पुन्हा केली की पहिला प्रश्न परत मिळतो.

यातून मिळतं काय? फक्त खुर्च्या केल्या तर ८० खुर्च्यांचे २४०० एकक. तासाला ० आणि फळीला ४० असा भाव तुम्हाला मान्य होण्याजोगा आहे, त्याची रक्कम ३२००. मान्य होणारा कोणताही भाव कोणत्याही उत्पादनाच्या नफ्यापेक्षा कमी असूच शकत नाही, कारण तशीच अट घातली आहे. म्हणजे खरं उत्तर २४०० आणि ३२०० यांच्या मध्ये कुठेतरी. आता २० टेबलं आणि ६० खुर्च्या करून पाहा: तास १००, फळ्या ८०, नफा २६००. दुसरीकडे तासाला १०, फळीला २०: रक्कम १००० अधिक १६००, म्हणजे २६००. दोन्ही बाजू भेटल्या. यापेक्षा चांगली योजना सापडेल का, हे शोधत बसायची गरज संपली. आपलं उत्तर सर्वोत्तम असल्याचा दाखला दुसऱ्या प्रश्नाने दिला. जॉन फॉन नॉयमनने हे द्वैत १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिगसमोर मांडलं, तेव्हा अशी गणितं सोडवण्याची डँट्झिगची सिम्प्लेक्स पद्धत नुकतीच आकाराला येत होती.

ते १० आणि २० हे भावही कामाचे असतात, त्यांना सावलीचे भाव म्हणतात. एक तास वाढला तर २१ टेबलं, ५९ खुर्च्या आणि नफा २६१०. एक फळी वाढली तर १९ टेबलं, ६२ खुर्च्या आणि २६२०. पण इथेच लोक घसरतात. तासाचा भाव १० आहे म्हणून हजार तास मागवून उपयोग नाही. १६० तासांवर ८० टेबलं होतात, सगळ्या फळ्या टेबलांतच संपतात, आणि पुढच्या प्रत्येक तासाची किंमत शून्य. सावलीचा भाव ठरावीक पट्ट्यातच खरा असतो. दुसरी घसरण पूर्णांकांची. 'दुप्पट क्ष १ पेक्षा जास्त नको, क्ष जास्तीत जास्त किती?' याचं उत्तर ½. क्ष पूर्णांकच हवा म्हटलं की उत्तर ० वर येतं, दुसऱ्या बाजूचं उत्तर मात्र ½ वरच राहतं. दोन्हींत फट पडते आणि तो सुरेख दाखला हातचा जातो.

भौतिकशास्त्रात अशाच अदलाबदलीने क्रॅमर्स आणि वॅनिए यांनी १९४१ मध्ये एक कमाल केली. चुंबकाच्या द्विमितीय आयझिंग प्रतिमानात जास्त तापमानाचं वर्णन कमी तापमानाच्या वर्णनाशी जुळतं, हे त्यांनी दाखवलं. चुंबकत्व नाहीसं होण्याचं संक्रमण एकाच तापमानाला होत असेल तर ते या अदलाबदलीत जिथल्या तिथे राहणाऱ्या बिंदूवरच असलं पाहिजे. प्रतिमान पूर्ण सुटायच्या तीन वर्षं आधी ते तापमान कळलं होतं. ऑनसागरचं ते पूर्ण उत्तर आलं १९४४ मध्ये. द्वैताचा खरा उपयोग असा: एका भाषेत अवघड असलेला प्रश्न दुसऱ्या भाषेत सोपा होतो.

दोन्ही एकदम नाही

प्रकाशाचं द्वैत यापेक्षा वेगळं वागतं, आणि इलेक्ट्रॉनचंही तसंच. दोन फटींतून एकेक इलेक्ट्रॉन सोडला तर पडद्यावर प्रत्येकाचा एकच ठिपका उमटतो. हजारो ठिपके साठले की त्यांतून गडद-फिक्या पट्ट्यांची नक्षी दिसते. इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला याची खूण कुठेतरी राहील अशी व्यवस्था केली की नक्षी पुसट होते. खूण कोणी वाचली नाही तरीही नक्षी पुसट होते. 'माणसाने पाहिलं म्हणून इलेक्ट्रॉन बदलला' हे वाक्य त्यामुळे टाकून द्यायला हरकत नाही. जाणिवेचा इथे संबंध येत नाही.

'कधी तरंग, कधी कण' हेही अपुरंच. मधल्या पायऱ्या आहेत आणि त्या मोजता येतात. पट्ट्यांचा ठळकपणा ठ आणि वाट ओळखण्याची क्षमता व या दोन्ही ० ते १ मध्ये मोजल्या, तर ठ चा वर्ग अधिक व चा वर्ग १ च्या वर जात नाही. ठळकपणा ०.८ असेल तर व फार तर ०.६. म्हणजे कोणती फट हा अंदाज उत्तमात उत्तम ८० टक्के वेळा बरोबर येईल, नुसत्या नाणेफेकीने ५० टक्के आला असता. सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाचं (दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळतात का?) उत्तर इथे 'नाही' आहे, आणि किती नाही तेही ठरलेलं आहे.

स्थान आणि संवेग (तो तरंगलांबीवरून ठरतो) यांची जोडी याच घरातली, पण तिच्या पोटात वर्णनांचं द्वैतही आहे. तरंगाचं स्थानानुसार वर्णन आणि तरंगलांबीनुसार वर्णन फूरिए रूपांतराने एकमेकांत बदलतं, आणि परत येताना काहीही हरवत नाही. तरी दोन्ही वर्णनं एकदम टोकदार होत नाहीत. ध्वनीतही हेच होतं: स्वराचा ०.१ सेकंदाचा तुकडा घेतला तर त्याच्या वर्णपटातलं टोक सुमारे १० हर्ट्झ रुंद असतं, त्यामुळे ४४० आणि ४४५ हर्ट्झचे दोन सूर एकत्र वाजत असतील तर ते त्यात वेगळे दिसत नाहीत. तुकडा पुरेसा लांबवला की वेगळे होतात, पण मग सूर नेमका कधी सुरू झाला ते धूसर होतं.

भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९२७ मध्ये कोमो इथे पूरकतेची, म्हणजे एकदम न मिळणारी दोन्ही रूपं मिळूनच चित्र पुरं होतं ही कल्पना मांडली, आणि १९४७ मध्ये डेन्मार्कचा सन्मान मिळाल्यावर आपल्या कुलचिन्हात यिन-यांगची आकृती घेतली. तेव्हापासून आधुनिक विज्ञानाने प्राचीन द्वैत सिद्ध केल्याची वाक्यं फिरत आहेत. चिन्ह निवडणं हा बोरच्या आवडीचा भाग. ठ आणि व यांच्यातल्या वर्गांच्या नियमासारखं काही यिन-यांगच्या बाबतीत मांडलेलं नाही, मांडण्याचा त्या परंपरेचा दावाही नाही.

मन-शरीराचं काय?

स्पिनोझाने देकार्तचं कोडं सोडवायला जातच बदलली. १६७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या 'एथिका'त तो म्हणतो की द्रव्य एकच. विचार आणि विस्तार हे त्याचे दोन गुणधर्म, आणि दोन्हीकडचा क्रम एकच. म्हणजे दोन वस्तूंच्या जागी दोन वर्णनं. ढकलण्याचा प्रश्न सुटला, पण आता देणं वेगळं: अदलाबदलीचा नियम कुठे आहे?

रंगांच्या बाबतीत त्याचा एक कोपरा लिहून झाला आहे. मोबाइलच्या पडद्यावर सहसा पिवळा दिवा नसतो. लाल आणि हिरवा एकत्र लागले की पिवळं दिसतं. सुमारे ५८० नॅनोमीटरचा शुद्ध पिवळा प्रकाश आणि हे मिश्रण, दोन्ही डोळ्यातल्या, रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशींना जवळजवळ सारखेच उत्तेजित करतात. प्रकाशाकडून अनुभवाकडे जाता येतं, पण अनुभवाकडून प्रकाशाकडे परतीची वाट नाही. अनेक वेगवेगळे वर्णपट एकाच पिवळ्यात जाऊन मिळतात. शंकुपेशींचे तीन आकडे घेतले तर वाट जरा सुधारते: दोन ठिपके सारख्याच परिस्थितीत शेजारी शेजारी ठेवले तर एकसारखे दिसतील की नाही, हे त्या आकड्यांवरून सांगता येतं. ते पिवळं पाहणाऱ्याला कसं दिसतं, हे मात्र त्या तीन आकड्यांत कुठेच लिहिलेलं नाही. लाल आणि हिरव्याचा अनुभव ज्याचा जन्मापासून उलटा आहे असा माणूस कल्पिला, तरी त्याच्या तक्त्यातही तेच तीन आकडे येतील.